कुमुदताईंचा नकार

"डॉक्टर, फार मागे राहू नका! इथले लोक याक समजून बांधून ठेवतील तुम्हाला."

मुकुंदराव पुढून ओरडले आणि स्वतःच खदखदून हसले. मी काठीवर रेलून उभा होतो. उत्तर सुचलं होतं, पण ते द्यायला छातीत दम नव्हता. मुस्तांगच्या त्या उंचीवर चार पावलं टाकली की भाता चालावा तसा श्वास चाले, आणि त्यात आदल्या दिवशी पडलेला बर्फ पायाखाली भुसभुशीत झालेला.

"बांधलं तर बांधू दे," माझ्या पुढे चालणारी चारू मागे न बघता म्हणाली. "वेळेवर वैरण मिळेल, शिवाय पेपर कुठे ठेवलास म्हणून माझ्यामागे कोणी लागणार नाही."

सगळ्यात पुढे आमचा वाटाड्या कर्मा होता आणि त्याच्या पाठोपाठ कुमुदताई. जांभळी कानटोपी, वरून शाल, हातात बांबूची काठी. पन्नाशी ओलांडलेल्या या बाईंना बर्फ आणि चढ यांचं काहीच वाटत नव्हतं.

मुकुंदराव माझे साडू. माझी बायको चारुलता आणि त्यांची बायको कुमुद या सख्ख्या बहिणी, माहेर कराडचं. मी जनावरांचा सरकारी डॉक्टर, मुकुंदराव साखर कारखान्यात केमिस्ट. दोघं पाठोपाठ निवृत्त झालो आणि बहिणींनी परस्पर बेत ठरवून टाकला. नेपाळच्या उत्तर टोकाला, तिबेटच्या हद्दीजवळ एका उभ्या कड्यात फार जुन्या काळी माणसांनी कोरलेली घरं आहेत, ती बघायची. कुमुदताईंनी त्याचा फोटो कुठल्याशा कॅलेंडरवर पाहिला होता. आम्हाला विचारलं ते स्वेटर विकत घेऊन झाल्यावर.

कड्यापर्यंत एरवी जीप जाते. त्या दिवशी बर्फानं रस्ता बंद होता, म्हणून पायी निघालो होतो. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण मुकुंदरावांचा तो पुढून आलेला आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो.

चेष्टा हा त्यांचा धर्मच होता, आणि माझ्या बाबतीत त्यांना देवानं कायमचं भांडवल दिलं होतं. मी पहिल्यांदा कराडला गेलो तो कुमुदला बघायला. त्यांच्याकडून नकार आला. वर्षभरानं मध्यस्थ पुन्हा आमच्याकडे आले. मोठीचं लग्न झालंय, धाकटीचा विचार कराल का, म्हणाले. मी हो म्हणालो, आणि मांडवात गेलो तर मोठे जावई म्हणून मुकुंदराव मिरवत होते. तेव्हापासून प्रत्येक बारशाला, मुंजीला, दिवाळीच्या फराळाला त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "मी पहिल्या झटक्यात पास. डॉक्टरांना मात्र विषय बदलून बसावं लागलं!"

लोक हसत, मीही हसे. पण घरी आल्यावर एक विचार मनात सलत राही. ताईला न आवडलेली साडी धाकटीला मिळावी, तसा मी चारूच्या वाट्याला आलो होतो. तिनं ती साडी कुरकुर न करता नेसली, वर्षानुवर्षं नेसली. आवडीनं नेसली का, हे मात्र मी तिला कधी विचारलं नाही. उत्तर काय येईल याची धास्ती होती.

दुपारच्या सुमाराला वाट वळली आणि कडा समोर आला. मातकट रंगाची प्रचंड भिंत, डोक्यावर बर्फ, आणि तिच्या अंगावर उंचच उंच काळी चौकोनी भोकं. दारं होती, खिडक्या होत्या. कुठून तरी कोणी डोकावून "कोण पाहिजे?" विचारेल असं वाटत होतं.

"ही माणसं चढत कशी असतील?" मी विचारलं.

"शिड्या लावत," कर्मा हिंदीत म्हणाला. "शत्रू आला की शिडी वर ओढून घ्यायची."

"किती छान सोय!" कुमुदताई म्हणाल्या. "आमच्याकडे यांच्या आत्या यायच्या तेव्हा असं काही असतं तर!"

"माझी आत्या शिडीविनाच चढली असती," मुकुंदराव म्हणाले.

पायथ्याच्या वस्तीतल्या एका बाईकडे गुहेची किल्ली होती. तिनं दार उघडून दिलं आणि ती उन्हाच्या एका कवडशात लोकर कातत बसली. आत शिरलो. माणूस वाकून जेमतेम मावेल अशी बोळकांडी, एकातून एक निघालेल्या खोल्या, छतावर जुन्या चुलींच्या धुराची काजळी. आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला छताला भोक पाडून त्यात उभी केलेली लाकडी शिडी.

पहिली शिडी मी चढलो. दुसरीही चढलो. तिसरीच्या बाजूला मात्र कड्याची भिंत ढासळलेली होती. तिथून सरळ खाली दिसत होतं. पांढरीफटक दरी आणि तिच्या तळाशी ओढ्याची काळी रेघ. मी नको तेव्हा नको तिकडे पाहिलं आणि शिडीच्या मधोमध माझे पाय थांबले.

थांबले म्हणजे माझं ऐकेनात. हातांनी शिडी कवटाळलेली, कपाळ पायरीला टेकलेलं. उधळलेल्या बैलाच्या वेसणीला हात घातलेला मी माणूस, पण तिथे मला शिडीची पायरी सोडवत नव्हती. कर्मा आणि दोघी बहिणी वरच्या खोलीत पोचल्या होत्या. खाली मुकुंदराव होते.

"काय डॉक्टर, मुक्काम इथेच का?"

"मुकुंदराव, मला जमत नाहीये."

"मग खाली या."

"तेही जमत नाहीये."

कर्मा वरून हात पुढे करून "आइए, आइए" म्हणत होता. चारूचा चेहरा भोकातून डोकावला. तिची चेष्टा पळाली होती. "अहो, खाली बघू नका. माझ्याकडे बघा." मी मान वर करायलाही तयार नव्हतो.

"सोड गं चारू," खालून मुकुंदराव म्हणाले. "यांचं तेव्हापासूनच असं आहे. कराडला आले तेव्हाही पहिल्याच पायरीवर आपटले!"

मग कुमुदताईंचा आवाज आला, अगदी गप्पा मारायला बसल्यासारखा.

"डॉक्टर, मी तुम्हाला नकार का दिला, ठाऊक आहे?"

"अक्का!" चारू एकदम दबक्या आवाजात म्हणाली. "अक्का, तू शपथ घेतली होतीस."

"तीस वर्षांपूर्वीची शपथ. मुदत संपली तिची. डॉक्टर, ऐकायचंय?"

"सांगा," मी पायरीला कपाळ टेकूनच म्हणालो.

"असं नाही. वर या, मग सांगते."

"अक्का, तू काही सांगणार नाहीस," चारू म्हणाली, आणि तिचा आवाज असा काही झाला होता, की लग्नानंतर इतक्या वर्षांत तो मी ऐकला नव्हता. ती लाजली होती.

माझा उजवा पाय आपोआप वरच्या पायरीवर गेला. मग डावा. कर्मानं काखेत हात घालून मला ओढून घेतलं आणि मी त्या काळ्या खोलीच्या जमिनीवर पालथा पडलो. दरीकडे उघडणाऱ्या खिडकीबाहेर बर्फ पुन्हा भुरभुरू लागला होता. कुमुदताई जुन्या चुलीच्या कडेला मजेत बसल्या होत्या. चारू पाठ करून खिडकीपाशी उभी होती.

"त्या दिवशी तुम्ही लवकर आलात," कुमुदताईंनी सुरुवात केली. "आमचं आवरायचं होतं, म्हणून बाबांनी तुम्हाला पडवीत बसवलं. शेजारच्या दगडूमामांचं वासरू अंगणात पाय झाडत होतं. आठवतंय?"

आठवत होतं. वासराच्या खुरात काच गेली होती. मी कोटबिट काढून ठेवला, मातीत बसकण मारली, वासराची मान मांडीत घेतली आणि काच काढली. नव्या पँटचं शेण झालं. त्याच अवतारात मी मुलगी बघायला बसलो, आणि नकार आला तेव्हा कारण शोधावं लागलं नाही.

"मी आत साडी नेसत होते आणि ही बया मागच्या दारातून तुम्हाला बघत होती," कुमुदताई म्हणाल्या. "स्वयंपाकघरात आली ती डोळ्यांत पाणी घेऊन. म्हणाली, अक्का, तो वासराशी बोलतोय. मी म्हटलं, बरं, मग? तर म्हणाली, तू याला नाही म्हण. मला हवाय."

मी चारूच्या पाठीकडे पाहिलं. पाठ हलली नाही.

"माझ्या हातात शिऱ्याच्या बश्या, बाहेर पाहुणे बसलेले, आणि ही माझा पदर धरून उभी! नाही म्हटलं. पण नुसतं नाही म्हणून भागतंय होय? मोठी घरात असताना धाकटीचं कसं निघणार? आणि तुम्ही काय वाट बघत थांबणार होतात? नोकरीवाले, चार मुली सांगून येत असतील. म्हणून मग मी घाई केली. त्यानंतर जे पहिलं स्थळ आलं, त्याला डोळे मिटून हो म्हणून टाकलं."

त्या हसल्या. मीही हसणार होतो. इतक्या वर्षांचा सल एका दमात निघाला होता आणि अंग कसं पिसासारखं हलकं झालं होतं. पण त्याच वेळी माझी नजर जमिनीतल्या भोकाकडे गेली.

तिथे मुकुंदरावांचं डोकं होतं. शिडी चढून ते हनुवटीपर्यंत वर आले होते आणि तिथेच थांबले होते. टोपीवर जळमट लागलेलं. ते कुमुदताईंकडे बघत होते.

"पहिलं स्थळ," ते म्हणाले. "अस्सं."

"अहो, तुम्ही कधी आलात?" कुमुदताई म्हणाल्या.

"या तुम्ही निवांत," मुकुंदराव म्हणाले, आणि डोकं खाली गेलं. शिडी करकरल्याचा आवाज येत राहिला, मग थांबला.

"नाटकं नुसती," कुमुदताई म्हणाल्या. पण त्या लगेच उठल्या.

खाली उतरायला वेळ लागला, मुख्यतः माझ्यामुळे. बाहेर आलो तर मुकुंदराव नव्हते. लोकर कातणारी बाई दाराच्या आत सरकून बसली होती. तिनं चातीचं टोक आलो त्या वाटेकडे दाखवलं आणि कर्माला काहीतरी सांगितलं.

"साहेब निघून गेले. हिनं थांबा म्हटलं, थांबले नाहीत." कर्मानं आभाळाकडे पाहिलं. आता बर्फ भुरभुरत नव्हता, पडत होता. समोरचा डोंगर पुसला गेला होता. "वाट झाकली गेली तर त्यांना कळणार नाही. चला, आणि एकमेकांना सोडू नका."

आम्ही निघालो. मुकुंदरावांच्या बुटांचे ठसे काही अंतर स्पष्ट दिसत होते. लांब लांब ढांगा टाकल्या होत्या त्यांनी. मग ठसे उथळ होत गेले. एका दगडी स्तूपापाशी वाटेला फाटा फुटत होता. एक वाट आमच्या मुक्कामाच्या गावाकडे जायची, दुसरी ओढ्यात उतरायची. तिथे बर्फ सारखा झाला होता. ठसा एकही नव्हता.

कर्मानं तोंडात दोन बोटं घालून शीळ घातली. काही नाही. मी "मुकुंदराव!" म्हणून ओरडलो. माझा आवाज माझ्याच मफलरमध्ये विरला.

"अक्का, तू जरा बस," चारू म्हणाली. कुमुदताईंचा चेहरा पांढरा पडला होता. मघाची बाई ही नव्हेच. ओठ गच्च मिटलेले, काठी बर्फात रोवलेली.

"बसू कशी?" त्या म्हणाल्या. "त्याला थंडी सोसत नाही. दिवाळीतसुद्धा मोजे घालून झोपतो तो."

तो. मी कुमुदताईंच्या तोंडून मुकुंदरावांचा उल्लेख कधी असा ऐकला नव्हता. त्या स्तूपाच्या चौथऱ्यावर चढल्या, दोन्ही हात तोंडाशी धरले.

"अहोऽऽ!"

बहिणींचे आवाज इतके सारखे, की शेजारी उभा असून मीच "काय?" म्हणणार होतो. पुन्हा एकदा "अहोऽऽ!" पडत्या बर्फानं तो आवाज गिळून टाकला. आम्ही कान देऊन उभे राहिलो. वारा तेवढा होता.

मग कुमुदताईंनी कानटोपी काढून चारूच्या हातात दिली, जणू ती आवाजाच्या आड येत होती. पूर्ण छाती भरून श्वास घेतला.

"मुकुंद! मुकुंदाऽऽ!"

त्या पिढीच्या बाईनं नवऱ्याला मोकळ्या मैदानात अशी हाक मारणं! चारूनं माझं मनगट धरलं. हाक ओढ्याकडे गेली, कुठेतरी कड्यावर आपटून परत आली. आणि ती परत येऊन विरली, तेव्हा ओढ्याच्या अंगाकडून खोकल्याचा आवाज आला.

"इकडे आहे मी. इकडे, खाली."

शेळ्यामेंढ्यांसाठी रचलेला दगडी गडगा होता. त्याच्या आडोशाला मुकुंदराव पाय पोटाशी घेऊन बसले होते. खांद्यांवर बर्फ साचलेला, भुवया पांढऱ्या झालेल्या. चुकीच्या फाट्यानं ते खाली उतरले होते आणि वाट हरवल्यावर शहाण्यासारखे जागच्या जागी थांबले होते. कर्मानं आधी त्यांची बोटं तपासली, चोळली, थर्मासमधला चहा पाजला. "ठीक आहेत," तो म्हणाला.

कुमुदताई समोर उभ्या राहिल्या. आता रडतील असं मला वाटलं. त्यांनी शालीच्या पदरानं मुकुंदरावांच्या डोक्यावरचा बर्फ झटकायला सुरुवात केली, आणि जरा जोरातच झटकला.

"टोपी कुठेय?"

"उडाली."

"उडणारच. अक्कल आहे का काही? या वयात रुसून बर्फात निघून जातात?"

"तू डोळे मिटून हो म्हणालीस," मुकुंदराव म्हणाले. त्यांच्या आवाजात चेष्टेचा मागमूस नव्हता. "मी कोण, कसा, काही बघितलं नाहीस. आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत फिरतोय की..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

"हो, म्हणाले मी," कुमुदताई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? घाईत होते. बहिणीचं अडलं होतं." झटकणारा हात थांबला आणि त्यांच्या खांद्यावर तसाच राहिला. "पण घाईत हो म्हणायला एक दिवस लागतो. पुढचे सगळे दिवस काय मी घाईत होते? टायफॉइडमध्ये तुमच्या उशाशी बसले ते बहिणीसाठी? तुमचे ते रटाळ विनोद शंभर वेळा ऐकले ते?"

मुकुंदराव चहाच्या झाकणात बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "एक सांगू? रागावणार नसशील तर."

"सांगा."

"मीही काही फार विचार करून हो म्हटलं नव्हतं."

"म्हणजे?"

"संध्याकाळची शेवटची एसटी सुटायला आली होती. 'विचार करून कळवतो' म्हटलं असतं, तर तुझे बाबा जेवायला थांबवून घेणार होते. मुक्काम पडला असता. दुसऱ्या दिवशी कारखान्यात हंगामाचं मोळी पूजन होतं. म्हणून मग... हो म्हणालो आणि पळालो."

मी चारूकडे पाहिलं, चारूनं माझ्याकडे. कर्माला मराठी कळत नव्हतं, तरी तोही दोन पावलं मागे सरकला.

"एसटीसाठी?" कुमुदताई म्हणाल्या.

"शेवटची होती गं."

"मी नव्या कोऱ्या साडीत शिऱ्याच्या बश्या घेऊन उभी, आणि तुम्ही घड्याळ बघत होतात!"

"पण तुझेही डोळे मिटलेले होते ना?"

"माझं कारण चांगलं होतं!" कुमुदताई कडाडल्या. शाल त्यांच्या गळ्यात टाकली, दोन गाठी मारल्या, आणि ताडताड वर निघाल्या. "एसटी म्हणे! चल गं चारू." चारू हसू दाबत त्यांच्या मागे गेली. जाता जाता तिनं माझ्या कोटाची कॉलर वर करून दिली आणि वरचं बटण लावलं. नजर मात्र मिळवली नाही.

मी वाकून म्हणालो, "खरंच रडली होतीस?"

"धूर होता स्वयंपाकघरात," ती म्हणाली आणि भरभर निघून गेली.

आम्ही दोघं साडू मागे राहिलो. बर्फ विरळ होत चालला होता. पुढे कर्मा, मग दोघी बहिणी, आणि वाऱ्यावरून अधूनमधून आमच्यापर्यंत येणारा "एसटी" हा शब्द. मुकुंदराव माझ्या खांद्याचा आधार घेऊन चालत होते. शाल त्यांनी नाकापर्यंत ओढली होती.

"डॉक्टर, ऐकलंत ना तुम्ही? नावानं हाक मारली तिनं."

"ऐकलं."

"साक्षीदार राहा. घरी गेल्यावर नाकबूल करील."

"पण मुकुंदराव, शीळ घातली, मी हाक मारली, त्यांनी दोनदा अहो म्हणून हाक मारली. काहीच ऐकू आलं नाही?"

त्यांनी शाल नाकावरून खाली घेतली.

"सगळं आलं ऐकू," ते म्हणाले. "तुमच्यासाठी कोण उठतंय एवढ्या थंडीत? आणि अहो म्हणाल तर, अहो काय, तुम्हीही अहोच की. कुणाला मारली असेल कोण जाणे, असं वाटलं. बसून राहिलो."

मी त्यांचा हात खांद्यावर नीट घेतला. बोटं अजून गार होती.

वर, वाट जिथे सपाट होत होती तिथे दोघी थांबल्या होत्या. एकसारख्या उंचीच्या, स्वेटरात आणि कानटोपीत गुरफटलेल्या दोन बायका. इतक्या लांबून कोणती कोण ते ओळखू येत नव्हतं. त्यातली एक हात हलवून ओरडली, "अहो, चला की! किती गप्पा त्या!"

"आलो, आलो!" आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.